जर्मनीला जाताना आरोग्य विमा : सार्वजनिक घ्यावा की खाजगी?



फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाचा जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी करार झाला. आपल्याकडच्या दहा हजार कुशल तरुणांना तिकडं काम मिळावं, हा त्याचा हेतू. त्यात शालेय शिक्षण विभागाकडं मोठी जबाबदारी आली, त्यामुळं शाळाशाळांत त्याची चर्चा झाली आणि 'जर्मनी' हा शब्द गंगाखेड, सेलू, जिंतूरच्या घरांतही पोहोचला. नर्सिंग झालेल्या मुली, आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन एम.एस्सी.ची स्वप्नं बघणारी मुलं, सगळे विचारू लागले. भाषा किती शिकावी लागते? पगार किती? थंडी सोसवेल का?

एक प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. तिथं आजारी पडलो तर काय? जर्मनीत २००९ पासून प्रत्येक रहिवाशाला आरोग्य विमा सक्तीचा आहे. विम्याचा कागद नसेल तर विद्यापीठात नाव नोंदवलं जात नाही, व्हिसा मिळत नाही, मिळालेला वाढत नाही. आणि हा विमा दोन प्रकारचा असतो, सार्वजनिक आणि खाजगी. कुठला घ्यायचा हे ठरवायची वेळ साधारणपणे निघायच्या गडबडीत येते आणि त्या गडबडीत एजंट म्हणेल तिथं सही होते. त्या सहीमागं काय असतं ते आज समजून घेऊ. थोडं शेकडेवारीचं गणितही करू, म्हणजे आठवी-नववीच्या मुलांनाही पाठ उपयोगी पडेल.

आधी एक शब्द डोक्यातून काढा

आपल्याकडं 'सरकारी' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? सिव्हिल हॉस्पिटलची लांबच लांब रांग, केसपेपर, व्हरांड्यात बसलेले नातेवाईक. 'खाजगी' म्हटलं की स्वच्छ खोली, लगेच तपासणारा डॉक्टर आणि मग हातात पडणारं बिल. पेशंट गंभीर झाला की आपण त्याला गाडीत घालून नांदेडला नाहीतर संभाजीनगरला नेतो, आणि मग कुणाचं सोनं मोडतं, कुणाची जमीन गहाण पडते. या अनुभवातून आपल्या मनात एक हिशेब पक्का बसलाय. परवडत नसेल तर सरकारी, परवडत असेल तर खाजगी.

जर्मनीत हा हिशेब लावला की गफलत होते. तिथं 'सार्वजनिक विमा' म्हणजे सरकारी दवाखाना नव्हे. विमा सार्वजनिक असो की खाजगी, दवाखाने बहुतेक तेच, डॉक्टर बहुतेक तेच. फरक आहे तो बिल कोण भरतं आणि वर्गणी कशावरून ठरते याचा. दर दहा माणसांत साधारण नऊ माणसं सार्वजनिक विम्यात आहेत, त्यात शिक्षक आहेत, इंजिनिअर आहेत, दुकानदार आहेत. 'गरिबाचा विमा' असा तिथं त्याचा अर्थच नाही. आणि तो फुकटही नाही, बरं का. दर महिन्याला पगारातून चांगली रक्कम कापून जाते.

हा विमा चालवणाऱ्या संस्थांना 'क्रांकनकासे' म्हणतात. अशा नव्वदच्या आसपास संस्था आहेत; एओके, टेक्निकर, बार्मर, डीएके ही त्यांतली मोठी नावं. त्या सरकारी खाती नाहीत; कायद्यानं बांधलेल्या, पण स्वतःचा कारभार स्वतः बघणाऱ्या संस्था आहेत. मूळ वर्गणी आणि बहुतेक सगळे उपचार कायद्यानं ठरलेले असल्यामुळं एका कासमध्ये आणि दुसरीत फरक थोडाच, प्रामुख्यानं जादा वर्गणीच्या टक्क्याचा.

पगार बघणारा विमा आणि शरीर बघणारा विमा

हे दोन्ही प्रकार आपण घरी बघितलेले आहेत. फक्त आपण त्यांना त्या नावानं ओळखत नाही.

एखाद्या कारखान्यात २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचं ईएसआयसी कापलं जातं. कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के. कापताना कुणी विचारतं का, की तुझं वय किती, तुला शुगर आहे का, तुला लेकरं किती? नाही. फक्त पगार बघतात. कमी पगारवाल्याचे कमी कापले जातात, उपचार मात्र सगळ्यांना सारखे. बायको-मुलांचं वेगळं काही भरावं लागत नाही.

आता मेडिक्लेमचा फॉर्म आठवा. वय, वजन, आधीचे आजार, ऑपरेशन झालंय का. पंचविशीतल्या धडधाकट पोराला हप्ता कमी, पन्नाशीतल्या बापाला जास्त. चार माणसं घातली की हप्ता वाढला. आजार लपवला आणि नंतर उघड झालं, तर क्लेम नामंजूर.

जर्मनीचा सार्वजनिक विमा हा ईएसआयसीच्या जातीचा आणि खाजगी विमा मेडिक्लेमच्या जातीचा. पहिला पगार बघतो, दुसरा शरीर बघतो. एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं बरंचसं सोपं होतं.

हे साम्य निव्वळ योगायोगाचं नाही. मजुरीतून थोडं कापायचं, मालकानंही घालायचं आणि त्यातून आजारी कामगाराला सांभाळायचं, ही व्यवस्था देशभर कायद्यानं प्रथम आणली ती जर्मनीनं, बिस्मार्कच्या काळात, १८८३ साली. पुढं अनेक देशांनी ती आपापल्या परीनं उचलली. भारतात १९४३ साली प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडं कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायचं काम दिलं गेलं. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडं होतं. आडारकरांचा अहवाल १९४४ मध्ये आला, १९४८ मध्ये कायदा झाला आणि १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत ईएसआय सुरू झाली. म्हणजे जर्मनीत गेल्यावर आपलं लेकरू ज्या विम्यात जाणार आहे, त्याच घराण्यातली योजना इथंही आहे. ती शेतकरी-शेतमजुरांच्या घरांपर्यंत आली नाही, म्हणून परभणीकरांना तिची ओळख कमी.

आपल्याकडं घराघरांत माहीत आहे ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार. पण तिथं आपण वर्गणी भरत नाही, पैसे शासन भरतं. ती तिसरीच गोष्ट. आणि तिचा उपयोग परदेशात नाही, हे निघण्यापूर्वी घरात एकदा स्पष्ट बोलून ठेवा. इथल्या साध्या मेडिक्लेमचंही तेच.

नर्सिंग आणि आयटीआयवाल्यांना निवड नाही, आणि ते बरंच आहे

'आउसबिल्डुंग' म्हणजे काम करत शिकण्याचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम. त्यासाठी जाणारी मुलगी असो की थेट नोकरीवर जाणारा तंत्रज्ञ, त्यांना करारात पगार असतो. वर्षाचा एकूण पगार ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर सार्वजनिक विमा कायद्यानंच लागू होतो. २०२५ मध्ये ही मर्यादा ७३,८०० युरो होती, २०२६ मध्ये ७७,४०० झाली. आपल्याकडून जाणाऱ्या बहुतेकांचा पगार याच्या बराच खाली असतो. त्यामुळं 'खाजगी घे, स्वस्त पडेल' असं कुणी म्हणत असेल, तर तो सल्ला यांच्यासाठी नाहीच. यांनी फक्त कुठली क्रांकनकासे एवढंच निवडायचं. ती पसंत पडली नाही तर बारा महिन्यांनी बदलताही येते.

आता गणित. २०२५ चे दर घेऊ. मूळ वर्गणी १४.६ टक्के, त्यावर सरासरी जादा वर्गणी २.५ टक्के, एकूण १७.१ टक्के. निम्मी मालकानं भरायची, निम्मी आपण. म्हणजे आपली ८.५५ टक्के. याच्या जोडीला म्हातारपणी किंवा अपंगत्वात देखभाल करणारा 'फ्लेगे' विमा असतो, ३.६ टक्के, त्यातही सहसा निम्मे आपले, १.८ टक्के. ज्यांची २३ वर्षं पूर्ण झालीत आणि मूल नाही, त्यांना ०.६ टक्के जास्त, आणि ते सगळे स्वतःच्या खिशातून.

समजा मानवतची एक मुलगी आहे, वय २२, आउसबिल्डुंगचा पगार महिना १,३०० युरो. आरोग्य विम्याचे १,३०० चे ८.५५ टक्के, म्हणजे १११.१५ युरो. फ्लेगेचे १.८ टक्के, २३.४० युरो. एकूण १३४.५५. तेवढेच मालकही भरतो. शिक्षण संपून पगार ३,००० झाला आणि वय २६ झालं, की आरोग्याचे २५६.५० आणि फ्लेगेचे २.४ टक्क्यांनी ७२, मिळून ३२८.५०. पगार वाढला तशी वर्गणी वाढली. मधल्या काळात तिला थायरॉइड निघालं असतं, तरी यातला एक सेंट बदलला नसता.

पहिली पगारपत्रिका बघून पोरं दचकतात. यात निवृत्तिवेतनाची, बेरोजगारीची वर्गणी आणि आयकर वेगळाच असतो. घरी फोन करून सांगतात, "बाबा, हातात फार कमी येतंय." म्हणून घरच्यांनीही करारातला आकडा आणि हातात येणारा आकडा यांतला फरक आधीच समजून घ्यावा. एजंट सांगतो तो पहिला आकडा. कर्जाचा हप्ता जातो तो दुसऱ्यातून.

बदल्यात काय मिळतं? कार्ड दाखवलं की डॉक्टर तपासतो, बिल आपल्या हातात येत नाही. औषधाला चिठ्ठीमागं बहुधा ५ ते १० युरो. दवाखान्यात भरती झालं तर दिवसाला १० युरो, तेही वर्षात जास्तीत जास्त २८ दिवस. आणि आपल्याकडच्या कष्टकरी माणसाला ज्याची सगळ्यात धास्ती असते ती गोष्ट, म्हणजे आजारपणात बुडणारी मजुरी. तिथं नोकरीला महिना झाला की पहिले सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो. त्यानंतर कास ठोक पगाराच्या ७० टक्के, पण निव्वळ पगाराच्या ९० टक्क्यांपेक्षा जास्त नाही, इतकी रक्कम देते. एकाच आजारासाठी तीन वर्षांत कमाल ७८ आठवडे, त्यात मालकाचे सहा आठवडे धरून. मला विचाराल तर त्या कापल्या गेलेल्या १३४ युरोंचं खरं मोल इथं आहे.

विद्यार्थ्यांनो, तुमची सही सगळ्यात जपून

खरी निवड करायची वेळ येते ती विद्यापीठात शिकायला जाणाऱ्यांवर. समजा कृषीची पदवी घेऊन एखादा मुलगा श्टुटगार्टजवळच्या होहेनहाइम विद्यापीठात एम.एस्सी.ला निघालाय. वय २४. त्याला पगार नाही, मग वर्गणी कशावर मोजणार? कायद्यानं विद्यार्थ्यांसाठी एक आकडा ठरवून दिलाय, महिना ८५५ युरो. त्यावर १०.२२ टक्के म्हणजे ८७.३८ युरो, जादा वर्गणी २.५ टक्क्यांनी २१.३८, फ्लेगे ४.२ टक्क्यांनी ३५.९१. बेरीज १४४.६७. २०२६ मध्ये सरासरी जादा वर्गणी २.९ टक्के झाल्यानं यात साडेतीन युरोंच्या आसपास भर पडली.

आता व्हिसासाठी बँकेत जे पैसे अडकवून दाखवावे लागतात, त्यातून महिन्याला ९९२ युरो काढता येतात. खोलीभाडं, खाणं, बस, सगळं त्यातच. त्यातले १४५ विम्याला गेले म्हणजे जवळजवळ सातवा हिस्सा गेला. आणि समोर जाहिरात असते, परदेशी विद्यार्थ्यांसाठी खाजगी विमा, महिना तीस-चाळीस युरो! महिन्याला ११० युरो वाचतात. दोन वर्षांत २,६४०. युरो शंभर रुपये धरला तर दोन लाख चौसष्ट हजार रुपये. २०२५-२६ च्या सोयाबीनच्या हमीभावानं, म्हणजे क्विंटलला ५,३२८ रुपयांनी, ही पन्नास क्विंटल सोयाबीनची किंमत झाली. ज्या बापानं शेतावर कर्ज काढून पोराला पाठवलंय, त्याला हा आकडा लहान वाटणार नाही. म्हणून मोह होणाऱ्याला मी नावं ठेवत नाही.

पण ती बचत कशाच्या बदल्यात होते ते बघा. हे स्वस्त विमे बहुधा 'अचानक आलेल्या' आजारासाठी असतात. आधीपासूनचा दमा, मधुमेह, थायरॉइड यांचा खर्च बहुतेक वेळा वगळलेला. दातांवर मर्यादा, बाळंतपणावर अटी, मानसिक आजारावर तर बऱ्याच पॉलिसींत जवळजवळ काहीच नाही. परक्या देशात पहिल्या हिवाळ्यात, चार वाजता अंधार पडतो तेव्हा, एकट्या राहणाऱ्या पोराचं मन खचू शकतं. तो खर्च या विम्यात बसत नाही. शिवाय बिल आधी आपण भरायचं आणि नंतर मागायचं, असा बऱ्याच ठिकाणी रिवाज.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढं आहे. तिच्यासाठीच हा पाठ लिहायला घेतला.

तिशीच्या आतला, विद्यापीठात रीतसर प्रवेश असलेला विद्यार्थी कायद्यानं सार्वजनिक विम्यातच मोडतो. खाजगी घ्यायचा तर त्याला त्यातून 'सूट' मागावी लागते. या सुटीला 'बेफ्रायुंग' म्हणतात. ती शिक्षण सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत मागायची असते, आणि एकदा मिळाली की ते शिक्षण चालू आहे तोवर मागं घेता येत नाही. पहिल्या सत्रात सही केली, तिसऱ्या सत्रात आजार निघाला, मग 'मला सार्वजनिक विमा द्या, भरतो १४५ युरो' म्हटलं तरी दार उघडत नाही. गंमत अशी की विद्यापीठाला विम्याची माहिती क्रांकनकासेकडूनच संगणकावर जाते, खाजगीवाल्यालाही ती तिथूनच पाठवून घ्यावी लागते. त्यामुळं पोराला वाटतं, नाव नोंदणीचा एखादा साधा कागद असेल. तो साधा नसतो. कागदावर 'बेफ्राइट' किंवा 'बेफ्रायुंग' हा शब्द दिसला की पेन खाली ठेवा आणि आधी पूर्ण विचारून घ्या.

शिक्षण संपल्यावरही हा धागा सुटत नाही. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांपर्यंत परवाना मिळू शकतो. जो आधी सार्वजनिक विम्यात होता, त्याला या काळात तिथंच स्वेच्छेनं राहता येतं. महाग पडतं, महिन्याला अडीचशे युरोंच्या आसपास, पण राहता येतं. खाजगीवाल्याला मर्यादेच्या आतली पक्की नोकरी लागेपर्यंत बाहेरच थांबावं लागतं. नोकरी लागली की मात्र तोही आपोआप सार्वजनिक विम्यात येतो. म्हणजे ही चूक जन्मभराची नाही, पण जी दोन-तीन वर्षं सगळ्यात कमी पैशांची आणि सगळ्यात एकटेपणाची, नेमकी तीच अडकतात.

काहींना मात्र खाजगी विमा घ्यावाच लागतो. नुसत्या भाषेच्या कोर्ससाठी किंवा 'श्टुडिएनकोलेग' या पूर्वतयारीच्या वर्षासाठी जाणाऱ्यांना विद्यार्थ्यांचा सवलतीचा दर मिळत नाही. वयाची तीस पूर्ण करून भारतातून थेट शिकायला जाणाऱ्यांनाही सार्वजनिक कासचं दार सहसा बंद असतं. अशांनी खाजगी घ्यावा, पण किंमत शेवटी बघावी. आधीचा आजार धरतात का, वर्षाला किती रकमेपर्यंत देतात, मुदत किती, हे आधी. आणि भाषेचा कोर्स संपून पदवीला प्रवेश मिळाला, वय तिशीच्या आत असलं, तर विमा आपणहून बदलायचा. तिथून कुणी फोन करून आठवण देणार नाही.

मोठा पगार असेल तर

पुण्यातून संगणकाच्या नोकरीवर थेट जर्मनीला जाणारी परभणीची मुलं आता कमी नाहीत. समजा पगार वर्षाला ८०,००० युरो. म्हणजे २०२५ ची ७३,८०० ची रेषा ओलांडली, आता निवड मोकळी. सार्वजनिक विम्यात वर्गणी पगाराबरोबर वाढत जाते, पण एका टप्प्यावर थांबते. २०२५ मध्ये महिना ५,५१२.५० युरोंच्या वरच्या पगारावर वर्गणी लागत नव्हती. एक मूल असलेल्याला आरोग्य आणि फ्लेगे मिळून स्वतःच्या वाट्याचे सुमारे ५७० युरो पडले असते. एकट्या, धडधाकट, सत्तावीस वर्षांच्या पोराला खाजगी विमा याहून बराच स्वस्त मिळू शकतो. खाजगीवाल्याला खास डॉक्टरची तारीखही लवकर मिळते, हे खरं आहे, लपवण्यात अर्थ नाही.

मग अडचण कुठं? अडचण अशी की माणूस सत्तावीसचा राहत नाही. लग्न होतं, लेकरं होतात. सार्वजनिक विम्यात कमाई नसलेली पत्नी आणि मुलं त्याच ५७० मध्ये येतात. खाजगीत प्रत्येक डोक्याचा हप्ता वेगळा. आपल्याकडून पतीबरोबर गेलेली मुलगी भाषा येईपर्यंत वर्ष-दोन वर्षं घरीच असते, हेही लक्षात घ्या. वय वाढेल तसा खाजगी हप्ता साधारणपणे चढत जातो. आणि परतीची वाट? पगार मर्यादेखाली आला तर पंचावन्न वर्षांच्या आत परत येता येतं. पंचावन्ननंतर ती वाट जवळजवळ बंदच. दोन-तीन वर्षांत परत यायचं पक्कं असेल, एकटं असाल, तर खाजगीचा विचार जरूर करा. तिथं संसार मांडायचा असेल तर माझं मत सार्वजनिककडं झुकतं.

यांच्यासाठीही तीन महिन्यांचीच मुदत आहे. जर्मनीत पहिलीच नोकरी, आणि पगार रेषेच्या वर, तर स्वेच्छेनं सार्वजनिक विम्यात यायचं तीन महिन्यांत कळवावं लागतं. आळस केला तर कायदा थांबत नाही.

आई-वडील इथंच राहतात

कुटुंबासाठीचा हा मोफत विमा फक्त पती-पत्नी आणि मुलांना, आणि तेही जर्मनीत राहत असतील तरच. बायको-मुलं परभणीत असतील तर ती त्यात धरली जात नाहीत. आई-वडील तर कुठंही असले तरी नाहीत. तेव्हा मुलगा जर्मनीत गेला म्हणून इथला मेडिक्लेम बंद करू नका. आई-बाबा नातू बघायला तीन महिन्यांसाठी जातात तेव्हा त्यांना किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा काढावाच लागतो, त्याशिवाय व्हिसा नाही. तो तातडीच्या उपचारासाठी असतो. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या इथूनच पुरेशा न्याव्यात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

जर्मनीसारखी निवड सगळीकडं करावी लागत नाही. ब्रिटनमध्ये व्हिसाच्या अर्जाबरोबरच आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो मोठ्यांना वर्षाला १,०३५ पौंड आणि विद्यार्थ्यांना ७७६ पौंड होता. तो भरला की तिथली सरकारी आरोग्य सेवा मिळते. आखातात मजुरीला जाणाऱ्यांचं चित्र निराळं. दुबईत विमा मालकानं काढायचा असतो. तो काढलाय का, हे कामगारानं स्वतः बघावं. ज्यांच्या पासपोर्टवर परवानगीची अट आहे त्यांना निघण्याआधी प्रवासी भारतीय विमा योजना घ्यावी लागते. दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख रुपये. पावती घरी ठेवून जावी, सोबत नेऊ नये. वेळ आली तर ती घरच्यांनाच लागते.

स्वाध्याय

१) सेलूची २५ वर्षांची अविवाहित परिचारिका, मूल नाही, पगार महिना २,८०० युरो. २०२६ चा दर धरा : मूळ १४.६ टक्के, जादा २.९ टक्के, निम्मे मालकाचे. फ्लेगेचे तिच्या वाट्याचे २.४ टक्के. तिच्या पगारातून एकूण किती कापले जातील? (उत्तर : २४५ अधिक ६७.२०, म्हणजे ३१२.२० युरो.)

२) एका इंजिनिअरचा पगार वर्षाला ७६,००० युरो. तो २०२५ मध्ये सार्वजनिक विम्यातच राहिला. २०२६ मध्ये पगार तेवढाच आहे. आता त्याला खाजगी विमा निवडता येईल का? कारण लिहा.

३) घरात किंवा शेजारी कुणाची ईएसआयसीची पगारपत्रिका आणि कुणाचा मेडिक्लेमचा फॉर्म मिळाला तर दोन्ही शेजारी ठेवून बघा. कुठल्या कागदावर माणसाचं वय आणि आजार विचारलेत, आणि कुठल्यावर फक्त पगार आहे? वहीत दोन रकाने करून लिहून आणा.